पावसाआधीची फेरी

पहाटे ५.४०

"आज कुठल्या देवळात?"

नगरहून आत्याचा फोन आला की पहिला प्रश्न हाच. तिकडे दुपारचे तीन वाजून गेलेले असतात, जेवणानंतरची तिची आवराआवर झालेली असते. इकडे फिलाडेल्फियात मी चहाचं आधण ठेवून खिडकीबाहेरच्या अंधाराकडे बघत उभी असते. आमच्या घरात चर्चला देऊळच म्हणतात. आजी म्हणायची, आत्या म्हणते, आणि इथे इंग्रजीत दिवसभर 'चर्च चर्च' करून घरी आले की माझ्याही तोंडात देऊळच येतं.

"सात आहेत आज."

"सात! आणि पाऊस कधी म्हणतात?"

"रात्री नऊच्या सुमाराला."

"मग उरकेल. पन्हळी आधी बघ."

आत्याला हे सांगावं लागत नाही. माझे आजोबा नगरजवळच्या एका खेड्यातल्या लहानशा चर्चचे राखणदार होते. मृग लागायच्या आत ते छपरावर चढून कौलं चाळून घ्यायचे. फुटकी काढायची, सरकलेली बसवायची, मोडलेली रीप बदलायची. आत्या खाली उभी राहून त्यांना एकेक कौल वर द्यायची. मी शिकून जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात पडले, गेली कित्येक वर्षं या शहरातल्या चर्चच्या भिंती तपासते, पण मुळात काम तेच आहे. फक्त इथे मृगाऐवजी पानगळ असते.

ऑक्टोबर संपत आला की झाडं एकदम रिकामी होतात आणि सगळी पानं पन्हळींत जाऊन बसतात. त्यानंतरचा पहिला मोठा पाऊस फार वाईट. म्हणून दरवर्षी त्याच्या आधी मी एक फेरी करते. यंदा सोबत एक शिकाऊ मुलगी आहे, उत्तर फिलाडेल्फियातली, बावीस वर्षांची, हाताने चपळ. तिला मी सांगितलंय की काम एकाच देवळात आहे. बाकीची सहा बघायची, कारण जे नीट टिकलंय ते डोळ्यांत बसल्याशिवाय बिघडलेलं ओळखू येत नाही.

सकाळी ७.१५

डेलावेअर नदीच्या काठी, महामार्गाच्या अगदी कुशीत, ग्लोरिया डेई उभं आहे. शहरातले लोक त्याला 'ओल्ड स्वीड्स' म्हणतात, कारण ते स्वीडिश वसाहतकऱ्यांनी बांधलं. १६९८ साली काम सुरू झालं, १७०० साली पुरं झालं. पेनसिल्व्हेनियातलं हे सगळ्यात जुनं चर्च. विल्यम पेनचं शहर तेव्हा जेमतेम आकार घेत होतं. स्वीडिश लोक मात्र त्याच्या कितीतरी आधी, १६३८ सालीच, या नदीत शिरले होते.

उजाडता उजाडता आम्ही भिंतीपाशी पोहोचलो. मी मुलीला सांगितलं, इमारत वरून खाली वाचायची, पाणी ज्या क्रमाने उतरतं त्या क्रमाने. आधी आढं, मग उतार, मग पन्हळ, मग नळ, आणि शेवटी नळाच्या पायथ्याशी जमीन. जमिनीचा उतार भिंतीपासून लांब जातो का, हे बघितल्याशिवाय वही उघडायची नाही.

मग विटा. प्रत्येक थरात एक वीट लांबीने दिसते आणि तिच्या शेजारची डोक्याने, म्हणजे आखूड बाजूने. ती डोक्याची वीट भिंतीत आतवर गेलेली असते आणि बाहेरचा थर आतल्या थराशी बांधून ठेवते. ही रचना दिसायला नक्षीसारखी आहे, पण ती गाठ आहे. तरीही छपराचा भार भिंतींना बाहेर रेटायला लागला, म्हणून पहिल्या काही वर्षांतच बाजूंना दोन लहान बांधकामं जोडावी लागली. एकातून आपण आत शिरतो, दुसऱ्यात धर्मगुरूंचं सामान असतं. येणाऱ्याला तो सुंदर छोटा दरवाजा वाटतो. मला तो भिंतीला दिलेला खांदा वाटतो.

आत छताला दोन जहाजं टांगलेली आहेत, 'काल्मार निकेल' आणि 'फोगेल ग्रिप'. पहिले स्वीडिश लोक ज्यांतून आले त्या जहाजांच्या या प्रतिकृती. मुलगी मान वर करून बराच वेळ बघत राहिली. समुद्र ओलांडून आलेल्या माणसांनी आपलं जहाजच देवापुढे टांगून ठेवावं, हे मला दर वेळी नव्याने कळतं. हे लोक लूथरपंथी होते. स्वीडनहून पाळक यायचे थांबले, पोरंबाळं इंग्रजी बोलू लागली, आणि १८४५ साली ही मंडळी एपिस्कोपल चर्चमध्ये सामील झाली. भाषा गेली, देऊळ राहिलं.

सकाळी ८.४५

थर्ड आणि पाइन रस्त्यांच्या कोपऱ्यावर सेंट पीटर्स. १७६१ सालचं. बांधणारा रॉबर्ट स्मिथ, स्कॉटलंडहून आलेला सुतार, पण या शहराचा निम्मा चेहरा त्याच्या हातचा. आत जुने बाक जसेच्या तसे आहेत. बाक म्हणजे आपल्याकडच्यासारखी लांब फळी नव्हे. कमरेच्या वर येणारी लाकडी खोलीच ती, प्रत्येक कुटुंबाची वेगळी, तिला दार, दाराला बिजागरी. आत समोरासमोर बसायला जागा. जमिनीपासून थोडी उचललेली, म्हणजे थंडीचा झोत पायांना लागू नये. वॉशिंग्टन १७८१-८२ च्या हिवाळ्यात या शहरात होता तेव्हा इथेच एका मित्राच्या बाकात येऊन बसायचा.

समोरासमोर बसायचं कारण नुसतं थंडीचं नाही. इथे वेदी पूर्वेच्या टोकाला आणि प्रवचनाचा उंच मंच पश्चिमेच्या टोकाला. उपासना मध्यावर आली की सगळी मंडळी जागची उठून वळते आणि उलट दिशेला तोंड करून बसते. मी एका रविवारी इथे बसले होते. ती कुजबुज, ते लाकडाचं करकरणं, शंभर माणसांचं एकदम वळणं! मला आमच्या गावची आठवण झाली. तिथेही पाळक बोलायला उठले की बायका पोरांना घेऊन जागा बदलायच्या.

मुलीला मी डोळे मिटून एका दारावरून तळवा फिरवायला सांगितला. रंगाच्या थरांखाली रंध्याने लाकूड ओढलेल्या लहानशा लाटा हाताला लागतात. यंत्राने केलेल्या फळीत त्या नसतात. तिने तीन दारांवरून हात फिरवला आणि चौथ्यापाशी म्हणाली, "हे नंतरचं वाटतंय." मला फार बरं वाटलं. हात शिकायला लागले की निम्मं काम झालं.

मग तिने विचारलं, "हे बाक विकत घ्यायचे?" हो, बाकांचं भाडं असायचं. पुढचे बाक महाग. "आणि माझ्यासारखे लोक?" तिने वर गॅलरीकडे बोट दाखवलं. मी मान हलवली. त्या काळी कितीतरी चर्चांमध्ये काळ्या माणसांची जागा वर असायची, किंवा भिंतीला टेकून उभं राहायची.

जेकब डुशे नावाचे पाळक या आणि क्राइस्ट चर्चच्या जोड मंडळीत काम करत. त्यांनी १७७० साली एका गुलाम जोडप्याचं लग्न लावलं. नवऱ्याचं नाव अ‍ॅब्सलम जोन्स. हे नाव ध्यानात ठेव, असं मी तिला सांगितलं, संध्याकाळी त्याच्याकडे जायचंय.

सकाळी १०.००

क्राइस्ट चर्चपाशी पोहोचलो तेव्हा शाळेच्या सहलीची रांग लागली होती. हे शहरातलं सगळ्यात नावाजलेलं चर्च. मंडळी १६९५ सालची, आजची इमारत १७२७ ते १७४४ मधली, आणि १९६ फुटी मनोरा १७५४ साली पुरा झाला. पैसे कमी पडले तेव्हा सोडत काढून जमवले, त्यात बेंजामिन फ्रँकलिन पुढे होता. मनोरा पुन्हा आमच्या रॉबर्ट स्मिथचाच.

लोक इथे वॉशिंग्टन, फ्रँकलिन, बेट्सी रॉस यांच्या जागा शोधत येतात. मी दोनच गोष्टींसाठी थांबते. एक, बाप्तिस्म्याचं कुंड. लंडनमधल्या ज्या चर्चमध्ये १६४४ साली विल्यम पेनचा बाप्तिस्मा झाला, तिथून ते १६९७ साली इकडे धाडलं. पेन पुढे क्वेकर झाला. क्वेकर पाण्याचा बाप्तिस्मा मानत नाहीत. तरी ते कुंड त्याच्याच शहरात येऊन राहिलं आणि अजून त्यात पोरांचे बाप्तिस्मे होतात.

दुसरी गोष्ट एक रेघ. ४ जुलै १७७६ रोजी इथल्या विश्वस्तांनी बसून ठरवलं की उपासनेत राजासाठीची प्रार्थना यापुढे म्हणायची नाही. डुशेंनी प्रार्थनापुस्तक उघडलं आणि राजाच्या नावावर लेखणी फिरवली. आजच्या वाचकाला हे सोपं वाटेल. पण पाळक होताना त्याच राजाशी निष्ठेची शपथ घेतलेला तो माणूस होता. पुढच्याच वर्षी त्याचं मन फिरलं, स्वातंत्र्याचा हट्ट सोडावा असं पत्र त्याने वॉशिंग्टनला लिहिलं आणि तो इंग्लंडला निघून गेला. मला त्याचा राग येत नाही. पुस्तकातल्या प्रार्थनेवर मारलेली रेघ त्याच्या आतून किती खोल गेली असेल, ते तोच जाणे.

एपिस्कोपल चर्च म्हणजे काय, हे समजायला ती रेघ पुरते. इंग्लंडच्या चर्चचीच उपासना, तेच बिशप, पण राजाविना. 'एपिस्कोपल' या शब्दाचा अर्थही बिशप असलेलं एवढाच. या चर्चची पहिली मोठी परिषद १७८५ साली इथेच भरली आणि १७८९ साली घटनाही इथेच ठरली. या सगळ्याचा धुरंधर विल्यम व्हाइट, इथलेच पाळक. ते बिशप व्हायला १७८७ साली लंडनला जाऊन आले, आणि आता याच चर्चच्या पोटात चिरनिद्रा घेताहेत. नगरला आमची मंडळी १९७० पासून उत्तर भारताच्या चर्चमध्ये आहे. त्यात अँग्लिकनही आले आणि अमेरिकन मिशनवालेही. त्यामुळे या घराण्याशी आमचं दूरचं का होईना, नातं आहे.

सकाळी ११.३०

आता कामाचं देऊळ. त्याचं नाव लिहीत नाही. शहराच्या पश्चिमेकडचं, एकोणिसाव्या शतकातलं, तपकिरी वालुकाश्माचं. रविवारी तीस-पस्तीस माणसं येतात. त्यांतली बरीचशी सत्तरीच्या पुढची. राखणदार गृहस्थ स्वतःही सत्तरीचे आहेत. ते शिडी धरायला आधीच येऊन उभे होते.

वालुकाश्म हा मऊ स्वभावाचा दगड. वाळूचे थर एकावर एक बसून तो बनतो. खाणीत तो जसा निजलेला असतो तसाच भिंतीत निजवला तर शतकानुशतकं काही होत नाही, कारण वरचा भार थरांना दाबून धरतो. पण गेल्या शतकाच्या आधी घाईघाईत बांधलेल्या कित्येक भिंतींत तो उभा लावलेला आहे, म्हणजे थर बाहेरच्या अंगाला समांतर. असा दगड सोलतो. मी मुलीच्या हातात एक पापुद्रा ठेवला. अंगठ्याएवढा जाड, वर दीडशे वर्षांचा काळपट रंग, आतून मात्र ताज्या विटेसारखा. तिने तो हळूच दाबला तर त्याचे आणखी चार पदर झाले. खारी बिस्किटासारखे.

इथला खरा रोग मात्र दगडाचा नाही, दरजांचा. काही वर्षांपूर्वी कुणीतरी कंत्राटदाराने या भिंतीच्या सगळ्या दरजा सिमेंटने भरल्या. त्याने मनापासूनच केलं असेल. सिमेंट घट्ट, टिकाऊ, दिसायला छान. पण जुनी भिंत श्वास घेते ती दरजांतून. चुना मऊ असतो, भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडते, आणि झिजायचंच झालं तर चुना झिजतो, दगड वाचतो. दर पन्नास-साठ वर्षांनी चुना पुन्हा भरायचा, एवढंच. सिमेंटने ती वाट बुजवली की ओल दगडातून बाहेर पडायला बघते. थंडीत त्या ओलीचा बर्फ होतो. पाणी गोठताना साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं. दगडाच्या थरांमध्ये नऊ टक्के म्हणजे पाचर मारल्यासारखं आहे. आतल्या बाजूला गिलाव्यावर पांढरा लोणा फुटतो, बाहेर दगड सोलतो. मधल्या दरजा मात्र सिमेंटच्या कड्यांसारख्या उभ्या राहतात, दगड मागे गेलेला आणि दरज पुढे आलेली. असं दृश्य बघितलं की माझ्या पोटात कालवतं.

गेल्या आठवड्यात आम्ही उत्तरेच्या भिंतीतलं दहा फूट लांबीचं सिमेंट हलक्या हाताने काढलं. यंत्र लावलं असतं तर एका दिवसात झालं असतं, पण यंत्राची पाती दगडाच्या कडा खाते. छिन्नी आणि मोगरीने पाच दिवस लागले. दरजेच्या रुंदीच्या अडीच पट खोल जायचं, धूळ झाडायची, पाणी मारायचं, मग चुना-वाळूचं मिश्रण थराथराने दाबून भरायचं. चुना सिमेंटसारखा झटक्यात जमत नाही. त्याला हवा लागते, ओलावा लागतो, आणि थंडी पाच अंशांच्या खाली गेली की तो रुसतो. म्हणूनच हे काम थंडी पडायच्या आत उरकायचं.

आज नवं काही भरायचं नव्हतं. भरलेलं पावसापासून झाकायचं होतं. ओलं गोणपाट, त्यावर ताडपत्री, वर सुतळीने बांधून खाली भार. मुलीने गाठी मारल्या. मी त्यातल्या दोन सोडून परत मारल्या, तिसरीला हात लावला नाही. तिची गाठ माझ्यापेक्षा चांगली होती.

मग पन्हळ. शिडीवर मी, खाली राखणदार. पश्चिमेच्या नळाच्या तोंडाशी हात घातला तर कोपरापर्यंत काळा चिखल. मेपलची पानं कुजून त्याचं खत झालेलं, त्यात एक चिमणीचं घरटं, आणि त्या घरट्यात कुठूनतरी आलेला वाढदिवसाच्या फुग्याचा निळा तुकडा. तीन बादल्या घाण निघाली. हे तोंड बंद राहिलं असतं तर आजच्या पावसाचं सगळं पाणी पन्हळीवरून उलटून नेमकं त्या ताज्या चुन्यावर आलं असतं. राखणदारांनी खालून विचारलं, "एवढी घाण होती?" मी बादली खाली सोडली. त्यांनी तिच्यात डोकावून बघितलं आणि काही न बोलता टोपी काढून डोकं पुसलं. गेल्या वसंतात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून शिडीवर चढता आलेलं नाही. ते त्यांना किती लागलंय, हे मला त्या टोपीवरून कळलं.

त्यांनी आम्हाला डब्यातलं सूप दिलं. मी पोळीभाजी काढली. मुलीला बटाट्याची भाजी आवडली.

दुपारी २.४०

उत्तर फिलाडेल्फिया. डायमंड रस्त्यावर, बैठ्या विटांच्या घरांच्या रांगांमध्ये, अचानक एक फ्रेंच कॅथेड्रल उगवल्यासारखं उभं राहतं. चर्च ऑफ द अ‍ॅडव्होकेट, १८८७ ते १८९७ मध्ये बांधलेलं, स्थापत्यकार चार्ल्स बर्न्स. बाहेरून झेप घेतलेले दगडी कमानीचे टेकू, जे भिंतींचा रेटा हवेतून पेलून जमिनीवर उतरवतात. सकाळी ग्लोरिया डेईला विटांच्या खोलीने दिलेला खांदा मुलीने पाहिला होता. इथे तीच गोष्ट गॉथिक भाषेत सांगितलेली आहे. तिने ती माझ्याआधी ओळखली.

एका व्यापाऱ्याच्या स्मरणार्थ त्याच्या कुटुंबाने हे बांधलं आणि ठरवलं की इथे बाकाला भाडं नसेल, कायम. सकाळी सेंट पीटर्सची ती दारं हाताळून इथे यावं, म्हणजे त्या अटीचं मोल कळतं.

हे शिकाऊ मुलीचं आपलं गाव. तिची आजी इथून चार गल्ल्यांवर राहते, पण आजी बॅप्टिस्ट, त्यामुळे ती कधी आत आली नव्हती. आत शिरली आणि थबकली. रंगीत काचांमधून दुपार उतरत होती आणि दगडी भिंतींवर वॉल्टर एडमंड्स आणि रिचर्ड वॉटसन यांची १९७३ ते ७६ मधली चौदा प्रचंड चित्रं. बायबलातल्या वचनांना जोडून काळ्या अमेरिकनांचा इतिहास. गुलामांचं जहाज, साखळ्या, उठाव, मुक्ती. पॉल वॉशिंग्टन इथे १९६२ पासून पंचवीस वर्षं पाळक होते. त्यांनी या चर्चची दारं नागरी हक्कांच्या चळवळीला सताड उघडून दिली. १९६८ साली ब्लॅक पॉवर परिषद इथेच भरली.

आणि २९ जुलै १९७४. तोवर एपिस्कोपल चर्चमध्ये स्त्रियांना पाळकाची दीक्षा नव्हती. त्या दिवशी या छताखाली अकरा स्त्रियांनी ती घेतली, नियमाने अजून परवानगी दिलेली नसताना. दीक्षा देणारे तीन बिशप पदावरून उतरलेले होते. अकरांतल्या सगळ्यात वयस्क जॅनेट पिकार्ड, वय ७९. या बाईंनी १९३४ साली हवाई फुगा स्वतः चालवत स्थितांबरापर्यंत नेला होता. मिरवणुकीच्या पुढे क्रूस घेऊन चालत होत्या बार्बरा हॅरिस, याच मंडळीतल्या. दोन वर्षांनी चर्चने नियम बदलला. आणि १९८९ साली त्याच बार्बरा हॅरिस संपूर्ण अँग्लिकन जगातल्या पहिल्या स्त्री बिशप झाल्या.

मी वेदीसमोर उभी राहिले की मला पंडिता रमाबाई आठवतात. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये, अँग्लिकन चर्चमध्येच झाला. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींना डॉक्टरची पदवी मिळताना बघायला त्या याच शहरात आल्या, आणि पुढच्या वर्षी त्यांचं इंग्रजी पुस्तक इथूनच निघालं. त्याच १८८७ साली हे चर्च बांधायला घेतलं. धर्मगुरूंनी सांगितलेलं नुसतं मानायचं नाही, स्वतः वाचून ठरवायचं, यासाठी रमाबाई आपल्या चर्चमधल्या थोरामोठ्यांशी पत्रांतून किती झगडल्या! त्या या फरशीवर उभ्या राहिल्या असत्या तर त्यांना काय वाटलं असतं, हा प्रश्न मी आत्यालाही विचारला होता. आत्या म्हणाली, "बाई रडली असती, आणि मग पुढच्या कामाला लागली असती."

मुलगी अजून त्या जहाजाच्या चित्रासमोरच होती. सकाळच्या जहाजांचं तिने नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

दुपारी ४.१५

सेंट जेम्स द लेस बाहेरूनच बघितलं. आता तिथे शाळा भरते, आणि मुलं घरी चालली होती. १८४६ साली सुरू झालेलं हे लहानसं ग्रॅनाइटचं चर्च इंग्लंडमधल्या लाँगस्टँटन गावच्या तेराव्या शतकातल्या चर्चच्या मोजमापावरून बांधलंय. चर्चस्थापत्याच्या अभ्यासकांच्या एका इंग्रज मंडळाने ते नकाशे धाडले होते. खेड्यातलं खरं जुनं देऊळ कसं असतं ते अमेरिकेत जसंच्या तसं उभं राहावं, हा ध्यास. तोच वारा तेव्हा मुंबईलाही लागला होता. कुलाब्याच्या अफगाण चर्चची पायाभरणी १८४७ सालची, त्याच गॉथिक पुनरुज्जीवनाच्या भरातली. मुंबईत शिकत असताना मी त्या चर्चमध्ये ओसाड दुपारी किती घालवल्यात! आणि लाँगस्टँटनचं ते मूळ चर्च आजही गवताने शाकारलेलं आहे. हे वाचलं तेव्हा मी आत्याला मुद्दाम फोन केला होता.

संध्याकाळी ५.३०

ढग आले. ओव्हरब्रुकला सेंट थॉमस आफ्रिकन एपिस्कोपल चर्च. इमारत जुन्या शहरातली नाही, मंडळी बऱ्याच जागा बदलत इथे आली. पण मंडळी फार जुनी, १७ जुलै १७९४ ला तिचं पहिलं देऊळ उघडलं.

सकाळी ज्याचं नाव ध्यानात ठेवायला सांगितलं होतं तो अ‍ॅब्सलम जोन्स इथे आहे, त्याच्या अस्थी इथेच ठेवल्यात. जन्माने गुलाम. मिळालेल्या पैशातून आधी बायकोला सोडवलं, म्हणजे पोरं स्वतंत्र जन्मतील. मग १७८४ साली तो स्वतः मुक्त झाला. एका मेथडिस्ट चर्चमध्ये काळ्या लोकांना प्रार्थना चालू असताना गुडघ्यांवरून उठवायला लागले, तेव्हा तो, त्याचा साथीदार रिचर्ड अ‍ॅलन आणि सोबतचे सगळे उठून बाहेर पडले. १७९३ साली पिवळ्या तापाने शहरात सुमारे ५००० माणसं मेली. पैसेवाले पळून गेले, तेव्हा याच दोघांनी आपल्या लोकांना घेऊन आजाऱ्यांची शुश्रूषा केली, मेलेल्यांना पुरलं. १७९५ साली बिशप व्हाइटनी जोन्सला डीकनची, म्हणजे पाळकाच्या आधीच्या पदाची, दीक्षा दिली, आणि पुढे तो एपिस्कोपल चर्चचा पहिला काळा पाळक झाला.

शिकाऊ मुलीने इथे काही विचारलं नाही. बाहेर पडल्यावर ती सवयीने मागे वळली आणि तिने वर बघितलं: आढं, उतार, पन्हळ, नळ. मग खाली वाकून नळाच्या पायथ्याची पानं हाताने बाजूला केली.

रात्री ९.२०

नऊच्या थोडं आधी पाऊस सुरू झाला आणि एकदम जोर धरला. मी फोन हातात घेऊनच बसले होते. राखणदारांनी वीस सेकंदांची चित्रफीत पाठवली. विजेरीचा झोत, पश्चिमेचा नळ, आणि त्यातून धो धो येणारं पाणी. आधी काळं, मग चहासारखं, शेवटी स्वच्छ. मागून त्यांचा धापा टाकल्याचा आवाज. गुडघ्याची पर्वा न करता पावसात गेले होते.

नगरला सकाळचे पावणेसात वाजून गेले होते. चित्रफीत आत्याला पुढे पाठवली. लगेच फोन आला.

"पाणी छान चाललंय गं. पण ताडपत्री?"

"ती उत्तरेला आहे, यात दिसत नाही."

"मग विचार ना त्यांना. वारं किती आहे तिकडे?"

मी आत्याला फोनवर थांबवून राखणदारांना दुसऱ्या फोनवरून विचारलं. ते पुन्हा छत्री घेऊन निघाले.